बापाच्या रकान्यात

पाऊस चार दिवस थांबला नव्हता. लेंडी नदी तांबडी होऊन धावत होती आणि दाभोशाच्या कड्यावरून तीनशे फूट खाली कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज पाड्यावरच्या चुलीपाशी बसूनही ऐकू येत होता. घटसर्पाची लस द्यायची राहिली होती म्हणून मी गेलो होतो. जुलै 2016. गोठा म्हणजे कुडाच्या तीन भिंती आणि वर पेंढा. बाकीची ढोरं आत होती. एक दोन दाती खोंड मात्र बाहेर पावसात उभा होता. त्याला कोणी बाहेर बांधलं नव्हतं, तो आपणहून उभा होता.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हात तेलकट झाला. खुरासणीचं तेल तळहाताला पुसून घेतल्यासारखा. डांगी जातीच्या ढोरांच्या कातडीतून हे तेल सतत झिरपत असतं. वरचा केस भिजतो, पण पाणी आत मुरत नाही. वाकून खूर पाहिले. चारही काळे, घट्ट, भेगेचा मागमूस नाही. नखाने वाजवले तर गारगोटीसारखे वाजले. कपाळ किंचित पुढे आलेलं, शिंगं आखूड आणि जाड, अंग काळं, त्यावर पांढरे पट्टे सांडल्यासारखे. ह्या रंगाला इकडे काळा बहाळा म्हणतात. कपाळावर चंद्रकोरीएवढा पांढरा डाग होता म्हणून नाव चांद्या.

उंचीने तो बेताचाच होता. पण चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात नेमका पडत होता, आणि त्या चिखलात ते मला लांबूनही दिसलं.

"ह्याचा बाप कोण?" मी विचारलं.

घरचा मुलगा हसला. "रानातला कुठला तरी असंल. कोण बघतं?"

आतून घरच्या आजीचा आवाज आला, "बाप काय विचारतोस डॉक्टर, आई विचार."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. चांद्याची आई कवळी. सहा वेळा व्याली, एक वर्ष खाडा गेला नाही. कवळीची आई मोरी. नऊ वेतं. मोरीचे दोन गोऱ्हे बैल झाले, त्यातला एक चौदा वर्षं औताला चालला. मोरीची आई चिंगी, ती आजीबरोबर मोखाड्याकडून, खोडाळ्याच्या बाजूने, लग्नात आंदण म्हणून चालत आली. चिंगी दूध कमी द्यायची, पण बिबट्या दिसला की वासराला मध्ये घेऊन शिंगं बाहेर करून उभी राहायची आणि बाकीच्या गायी तिच्याभोवती जमायच्या.

मी लसीची सुई हातात धरून तसाच उभा राहिलो. कारण ही बोलण्याची रीत मी ह्याआधी एकदा ऐकली होती, नव्हे, वाचली होती, आणि ती अगदी वेगळ्या जगात.

पदविका घेतल्यानंतरची पहिली चार वर्षं मी पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर काढली. तिथल्या विक्रीच्या कॅटलॉगमध्ये एका शिंगराला एक पान असायचं. पानाच्या वरच्या भागात वंशावळीची चौकट: बाप, बापाचा बाप, आईचा बाप. लोक तेवढंच बघतात. पण पानाचा खालचा, मोठा भाग आईचा असतो. पहिली आई, तिने किती शर्यती जिंकल्या, तिला किती शिंगरं झाली, त्यातली किती धावली. मग दुसरी आई. मग तिसरी. मोठ्या शर्यती जिंकलेल्यांची नावं ठळक अक्षरांत. जाणकार माणूस पान हातात घेताच नजर आधी खाली नेतो.

दाभोशाच्या पाड्यावर आजी मला ते खालचं पान वाचून दाखवत होती. पहिली आई, दुसरी आई, तिसरी आई, आणि ठळक अक्षरांत चिंगी.

थरोब्रेड घोड्यांचा कारभार सगळा कागदावर चालतो, आणि त्या कागदाबद्दल मला आजही आदर आहे. इंग्लंडमध्ये 1791 साली वंशनोंदीचं पहिलं पुस्तक निघालं, तेव्हापासून ती साखळी तुटलेली नाही. जगातला कुठलाही थरोब्रेड घ्या, त्याच्या बापाच्या बापाच्या बापाकडे चालत गेलात तर तुम्ही तीन घोड्यांपैकी एकापाशी पोचता: डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क. त्यातही बहुतेक वाटा डार्लीकडे, म्हणजे त्याच्या वंशातल्या, 1764 साली जन्मलेल्या आणि एकही शर्यत न हरलेल्या एक्लिप्सकडे जातात. आपल्याकडे ह्या नोंदी पुण्यातली भारतीय स्टड बुक प्राधिकरणाची कचेरी ठेवते. शिंगराचे केस मुळासकट उपटून पाठवायचे, त्यांच्यावरून आई-बाप पडताळले जातात, तेव्हा कुठे त्याला नाव मिळतं. ह्या जातीत कृत्रिम रेतन जगात कुठेही चालत नाही. घोडा आणि घोडी समोरासमोर यावीच लागतात, आणि आली की वहीत तारीख पडते, बाजूला सही होते. मी त्या वहीत कितीतरी सह्या केल्या आहेत.

तिथे माझं एक काम होतं टीझर धरण्याचं. टीझर म्हणजे एक साधा देशी घोडा. गादी ठोकलेल्या फळीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला घोडी. घोडी माजावर असेल तर कान सैल सोडते, शेपूट बाजूला घेते, नसेल तर किंचाळून लाथ झाडते. ती तयार आहे एवढं कळलं की टीझरला मागे ओढून न्यायचं आणि परदेशातून आणलेल्या वळूला पुढे आणायचं. रोज सकाळी हे चाले. फळीपासून परत नेताना त्या घोड्याची मान माझ्या खांद्यावर जड होऊन पडायची. मी त्याला गूळ देत असे. गोडॉल्फिन अरेबियनविषयी अशी आख्यायिका सांगतात की तोही आधी टीझरच होता. ती खरी की खोटी ह्याचा निवाडा मी करत नाही, पण त्या दिवसांत मला ती खरी वाटावी असं फार वाटे.

आणखी दोन घोड्यांची गोष्ट तिथेच डोक्यात बसली. एक नॉर्दर्न डान्सर. एक वर्षाचा असताना 25 हजार डॉलरला विकायला काढला तर कोणी घेतला नाही, कारण उंची कमी. त्याच घोड्याने 1964 मध्ये केंटकी डर्बी जिंकली आणि पुढे मोठ्या शर्यती जिंकणाऱ्या 147 घोड्यांचा तो बाप झाला. दुसरा सेक्रेटरिएट. 1973 मध्ये बेलमाँटची शर्यत 31 लांबींनी जिंकला. त्याच्यासारखा धावणारा मुलगा मात्र त्याला झाला नाही, आणि लोक निराश झाले. मग त्याच्या लेकी व्यायला लागल्या. स्टॉर्म कॅट, ए. पी. इंडी, गॉन वेस्ट, तिघेही त्याच्या लेकींचे मुलगे, तिघेही पुढे नामांकित वळू. सेक्रेटरिएटमध्ये जे होतं ते लेकींच्या पोटातून बाहेर आलं, आणि ते दिसायला एक पिढी थांबावं लागलं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही 2003 मध्ये मी जव्हारला आलो तेव्हा ते माझ्या उपयोगी पडलं नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला 2014 साली. मी आलो तो नायट्रोजनचा कंटेनर घेऊन. उणे 196 अंशांत ठेवलेल्या रेतनाच्या कांड्या, त्यातल्या बऱ्याच जर्सी आणि होल्स्टीनच्या. महिन्याला इतकी रेतनं झालीच पाहिजेत असं उद्दिष्ट होतं आणि मी तरुण होतो. सपाटीवर, जिथे हिरवा चारा आहे, दूध घ्यायला दारात गाडी येते, तिथे संकरित गायीने घरं उभी केली, हे मी पाहिलं आहे आणि नाकारत नाही. पण इथे? इथली गाय पावसाळाभर रानात चरते. इथला नांगर उतारावर चालतो. इथे भाताची चिखलणी, नागलीची आणि वरईची शेतं बैलावर उभी आहेत. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही, जू टेकायचं कुठे? एका घरी मी स्वतः रेतन केलेली कालवड श्रावणाच्या झडीत आडवी झाली. अंगावर गोचीड, अंगात ताप, लघवी कॉफीच्या रंगाची. मी दोन रात्री तिच्याजवळ बसलो. तिसऱ्या दिवशी ती गेली. घरच्या बाईने मला चहा दिला. एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर मी इथल्या पाड्यांवर परदेशी कांडी भरली नाही. राज्याचं पैदास धोरणही डांगीच्या पट्ट्यात डांगीच वाढवावी असंच सांगतं. धोरण कागदावर होतं, मला ते त्या कालवडीने समजावलं.

मग दुसरी चूक केली, आणि ती जास्त शिकवून गेली. चांगला डांगी वळू गावात असावा म्हणून 2008 मध्ये तीन पाड्यांतल्या लोकांना पटवून मी घाटावरून एक वळू आणवला. देखणा म्हणजे किती देखणा! वशिंड हातभर, पोळी गुडघ्यापर्यंत डुलणारी, चाल राजासारखी. मला पुण्याचे दिवस आठवले. त्याच्या आईचं काय, बहिणींचं काय, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं हे मला माहीत असूनही विचारलं नाही, कारण डोळे भरून गेले होते.

डांगी कालवड सावकाश वयात येते. पहिलं वेत चार-साडेचार वर्षांनी. म्हणजे आज तीन वर्षांचा वळू गायीला लागला, नऊ महिन्यांनी लेक झाली, ती साडेचार वर्षांनी व्याली, तर बाप कसा होता हे कळेपर्यंत बाप आठ-नऊ वर्षांचा झालेला असतो. मी अकरा लेकींवर लक्ष ठेवलं होतं. सात जणी पाच वर्षं उलटली तरी व्याल्या नाहीत. दोघींचे सड इतके जाड की नुकत्या जन्मलेल्या वासराच्या तोंडात मावेनात, मला बोटाने दूध पाजावं लागलं. मुलगे अंगाने भरले, पण चिखलात दोन तासांत धापा टाकायचे. आणि तोपर्यंत तो वळू रानात स्वतःच्या लेकींवर चढत होता. बाप आणि लेक एकत्र आले तर पोटच्या वासरात जवळच्या रक्ताचं प्रमाण चौथा हिस्सा होतं. स्टड फार्मवर तीन-चार पिढ्यांमागे एखादा पूर्वज दोन्हीकडून आला तरी मालक कागदावर बोट ठेवून तासभर विचार करतात. इथे आम्ही दार उघडून ढोरं रानात सोडून दिली होती.

ते सगळं झाल्यावर दोन वर्षांनी मी पावसात चांद्यासमोर उभा होतो, आणि आजी सांगत होती की कवळीने एक वर्ष खाडा जाऊ दिला नाही.

"ह्याचं काय करणार?" मी मुलाला विचारलं.

"चैतात बडवायचा. जोडीला दुसरा बघून ठेवलाय. चांगला बैल होईल."

हे मी आजवर शंभर पाड्यांवर ऐकलंय, आणि डांगीचं खरं दुखणं हेच आहे. पाड्यात दहा गोऱ्हे जन्मले तर मालक डोळ्यांत तेल घालून बघतो: कुठला अंगाने घट्ट, कुठल्याचे खूर काळे, कोण शांत, कोण न थकणारा. जो सगळ्यांत चांगला, तो बैल करायचा. बैल करायचा म्हणजे तीन वर्षांचा झाला की बर्डिझो चिमट्याने त्याच्या नसा दाबायच्या. पूर्वी ठेचत. आणि जो कोणाच्या डोळ्यात भरला नाही, हाडकुळा, लाथाड्या, जोडीला न जुळणारा, तो तसाच राहतो. रानात गायींमागे फिरतो तो हा. पुढच्या पिढीचा बाप तो. माणसांची निवड अचूक आहे, शेतकऱ्याची नजर माझ्यापेक्षा तयार आहे, पण निवडलेला प्रत्येक जण वंशातून बाहेर जातो. चिमटा माझ्याच हातात असतो. कितीतरी चांगल्या वळूंचा शेवट मी माझ्या हाताने केला आहे, मालकाने विनंती केली म्हणून, पावती फाडून.

घरच्याला बोल लावता येत नाही. त्याच्याकडे एकर-दीड एकर वरकस. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर, भिवंडी-वसईकडे निघतो. वळू पाळणं म्हणजे वर्षभर एका खाणाऱ्या तोंडाला बसून खायला घालायचं, तेही दुसऱ्यांच्या गायींसाठी. औताला दुसरा बैल विकत आणायचा तो वेगळाच. चांद्या त्याच्याकडे एकुलता एक भरवशाचा गोऱ्हा होता.

त्या पावसात मी तीन वेळा दाभोशाला गेलो. पाड्यावरच्या लोकांना एकत्र बसवलं. पुण्याच्या फार्मवरचा एक रिवाज मला आठवला होता: घोड्याची फी लगेच द्यायची नाही, शिंगरू जन्मून आपल्या पायावर उभं राहिलं तरच द्यायची. तो मी लोकांना सांगितला. एक म्हातारे बाबा म्हणाले, "हे बरोबर हाय. उभं राह्यलं तर देऊ." मग ठरलं ते असं. चांद्याला बडवायचं नाही. त्याच्या मालकाचं शेत पाळीपाळीने इतरांनी आपल्या बैलांनी नांगरून द्यायचं. ज्याची गाय चांद्याला लागली त्याने, वासरू उभं राहिलं की, एक पायली नागली आजीच्या घरी पोचवायची. आणि माझ्याकडून एक वही.

वहीचे रकाने मी घरी बसून आखले. गायीचं नाव, मालकाचा पाडा, कधी दाखवली, कधी व्याली, नर की मादी, रंग, बाप. शेवटचा रकाना साक्षीदाराचा.

सरकारी केंद्रावर वळू घ्यायचा, त्याचं रेतन गोठवून दूरवर पोचवायचं, तर वळूच्या आईच्या दुधाची मोजलेली नोंद लागते, क्षयाची आणि सांसर्गिक गर्भपाताची तपासणी लागते. चांद्याच्या तपासण्या होऊ शकल्या असत्या. कवळीचं दूध कोणी मोजलं नव्हतं. ते वासरू प्यायलं, मुलं प्यायली, उरलं त्याचं तूप झालं. आजीची साक्ष तिथे चालत नाही, आणि चालू नये हेही मला कळतं. म्हणून मग चांद्याच्या लेकींचं दूध तरी मोजायचं मी ठरवलं. महिन्यातून एक दिवस, सकाळ-संध्याकाळ, वासराला बांधून. डांगी गाय एका वेतात सरासरी 430 किलोच्या आसपास दूध देते, चार टक्क्यांच्या वर स्निग्धांश. होल्स्टीनच्या तुलनेत हा आकडा कोणाला सांगायला संकोच वाटावा असा. पण इथे गायीची किंमत दुधाने ठरत नाही. ती दर वर्षी व्याली का, वैशाखात हिरवी काडी नसताना उभी राहिली का, तिचा गोऱ्हा चिखलात कितीदा वळला, हे विचारा.

चांद्याच्या पहिल्या सहा लेकी 2022 च्या दिवाळीपर्यंत व्याल्या. सर्वांत लवकर व्यालेली चार वर्षांना दोन महिने कमी असताना. सहाही जणींचे सड वासराच्या तोंडाला येतील असे. सगळ्यांचे खूर काळे. त्यातल्या चौघी पुढच्या वर्षी पुन्हा गाभण राहिल्या. मी कवळीच्या गोठ्यात जाऊन तिच्या कपाळाला हात लावला. त्या लेकींत जे आलं होतं ते चांद्याचं होतंच, पण चांद्यात ते कवळीकडून आलं होतं, कवळीत मोरीकडून.

वहीत मात्र एक खिंडार होतं. 2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. पाड्यांनी वाटा अडवल्या, आणि बरोबर केलं. पुढचे कितीतरी महिने मी दाभोशाला गेलो नाही. नंतर गेलो तेव्हा तेवढ्या काळातल्या नोंदी एका दिवसात, विचारून विचारून भरल्या. कोण कधी व्यालं हे लोकांना पक्कं ठाऊक होतं. बाप? "चांद्याच असंल, दुसरा कोण?" मी लिहीत गेलो.

त्यात काजळीची लेक होती, ठिपकी. जन्म 3 ऑगस्ट 2020, नारळी पौर्णिमा. काजळी नावाप्रमाणे काळी, विक्रमगडकडून विकत आणलेली. चांद्या काळा बहाळा. आणि ठिपकी जवळजवळ पांढरी, अंगावर थोडे काळे थेंब. रंगाच्या रकान्यात मी लिहिलं, पांढरा बहाळा, आणि पुढे गेलो. आजोळवर गेली असेल, असं मनात म्हटलं.

गेल्या वर्षीच्या थंडीत ठिपकी पहिल्यांदा ठळक माजावर आली. डांगीत मुका माज पुष्कळ, कित्येकदा कळतही नाही. पण ही पहाटेपासून हंबरत होती, दुसऱ्या गायींवर चढत होती. मला फोन आला आणि मी नऊ वाजेपर्यंत पोचलो. माजाचा सोट काचेसारखा स्वच्छ लोंबत होता. वेळ अगदी बरोबर होती, संध्याकाळपर्यंत दाखवायला हवी. चांद्या आता दहाव्या वर्षात, अंगाने थोडा सुकलेला, पण दाव्याला हिसके देत होता. त्याला मी आधीच दुहेरी दाव्याने बांधायला सांगितलं होतं. लेक होती ना.

बेत असा ठरला होता: ठिपकीला नदीपलीकडच्या पाड्यावर न्यायची. तिथे एक पांढरा बहाळा वळू होता. वयाने चांद्यासारखाच, आणि आमच्या वहीप्रमाणे चांद्याच्या गोतातला कोणी नाही. थंडीत पाणी उतरलेलं असतं, वरच्या अंगाला नदी ओलांडता येते. दोन तासांची चाल. दोघं पोरं काठ्या घेऊन तयार होती.

आजी ओसरीवर उन्हात बसली होती. आता तिला कमी दिसतं. तिने विचारलं, "कुठं चालवलीस हिला?"

मी सांगितलं. चांद्याची लेक आहे, म्हणून पलीकडे नेतोय.

"चांद्याची कशी? हिचा बाप पलीकडचाच हाय. ज्याच्याकडं नेतोस तोच."

मी थांबलो. "आजी, वहीत चांद्या आहे."

"तुझ्या वहीत असंल. वाघबारशीला सगळी ढोरं वाघदेवापाशी नेली व्हती, त्यांची पण, आमची पण. तिथं काजळीला तो लागला. मी बघितलं. पोरांनी दगड मारले, मी म्हटलं असू द्या. चांद्या त्या दिशी पायाला लागलं म्हणून घरीच व्हता, तूच पट्टी बांधून गेलास."

पट्टी मला आठवली. 2019 चा ऑक्टोबर, उजव्या मागच्या पायाला खुंट लागला होता. ती नोंद माझ्याच हातची, वहीत मागच्या बाजूला असणार. मी वही उघडली. होती.

मग मी ओसरीच्या कडेला बसून बोटांवर मोजायला लागलो. त्या वर्षी वाघबारस 25 ऑक्टोबरला. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. फेब्रुवारी पुढच्या सालचा, 29 दिवसांचा. जुलैची 25 तारीख म्हणजे नऊ महिने. त्यावर नऊ दिवस, 3 ऑगस्ट. गाय नऊ महिने नऊ दिवस वागवते हे लहान पोरालाही ठाऊक असतं. एका दिवसाचाही फरक पडला नाही.

पोरं ठिपकीला घेऊन वाटेपर्यंत गेली होती. मी हाक मारून त्यांना परत बोलावलं. आणखी दोन तासांत मी तिला तिच्या बापासमोर उभी केली असती, स्वतःच्या हाताने, वही बघून.

बापाच्या रकान्यात चांद्या लिहिलं होतं ते मी एका रेघेने खोडलं, नदीपलीकडचा पांढरा बहाळा असं लिहिलं आणि साक्षीदाराच्या रकान्यात आजी. काजळी विक्रमगडची, बाप पलीकडचा. म्हणजे ठिपकीचं चांद्याशी कुठलंच नातं उरलं नाही.

"आजी, त्या सालातल्या अजून किती आहेत अशा?"

"बस. सांगते. आधी त्याला सोड, तो दावं तोडील."

मी उठून चांद्याचं दावं सोडलं.